मावशींनी मागच्या लिफ्टने जावे : टीव्हीसाठी सामाजिक व्यंगाचं स्किट कसं लिहायचं

विनोदी कार्यक्रमासाठी लिहायला बसलेल्या नव्या लेखकाला दोन सल्ले हमखास मिळतात. एक, दर अर्ध्या मिनिटाला हशा आला पाहिजे. दोन, कुणाच्या भावना दुखावू नका. पहिला सल्ला खरा आहे, पण त्यानं पोट भरत नाही. दुसरा तंतोतंत पाळायचा ठरवला तर व्यंग लिहिताच येणार नाही, कारण कुणाला काही टोचलंच नाही तर ते व्यंग कसलं?

टोचायचं कुणाला, हे मात्र संहितेतच ठरतं. ते नटाच्या चेहऱ्यावर किंवा एडिटरच्या कात्रीवर सोडता येत नाही. माझ्या मते त्याची किल्ली एकाच प्रश्नात आहे: स्किटमधलं अज्ञान कुणाच्या वाट्याला दिलंय? ज्याच्याकडे अज्ञान, त्याच्यावर हसू. मोलकरणीला इंग्रजी येत नाही म्हणून हशा पिकवायचा, की मालकाला मोलकरणीचं नाव माहीत नाही म्हणून? दोन्ही स्किटं एकाच घरात घडतात, पात्रं तीच, सोफाही तोच, तरी ती दोन वेगळी स्किटं आहेत. हे कागदावर कसं उतरवायचं ते दाखवायला पुढे एक स्किट पायरीपायरीनं बांधलं आहे.

१. माणसं नकोत, नियम शोधा

बैठकीत विषय निघतात ते असे: ‘कामवाल्यांवर करूया’, ‘भय्यावर करूया’, ‘जाड बायकोवर करूया’. हे विषय नाहीत, ही गिऱ्हाइकं आहेत. विषय म्हणजे एखादा नियम, एखादी सवय किंवा एखादा आग्रह, जो कुणीतरी मोठ्या गांभीर्यानं चालवत असतो.

तो सापडतो कुठे? सोसायटीच्या नोटीस बोर्डावर, व्हॉट्सॲप ग्रुपवर, ‘फक्त शाकाहारी कुटुंबासाठी’ असं लिहिलेल्या भाड्याच्या जाहिरातीत. ‘जातीची अट नाही’ असं म्हणून पुढच्याच ओळीत ‘एससी एसटी क्षमस्व’ लिहिणाऱ्या वधू-वर सूचक मजकुरात. त्या ‘क्षमस्व’मधल्या सभ्यपणावर तर अख्खा भाग निघेल. असा मजकूर जसाच्या तसा वहीत उतरवून ठेवा. आपण कल्पनेनं इतकं बेमालूम लिहू शकत नाही.

मग विषय एका वाक्यात मांडा. साचा असा: अमक्याला अमुक हवंय, पण ते तसं आहे हे मोठ्यानं म्हणायचं नाही. आपल्या स्किटसाठी: *सोसायटीला कामाच्या बायका घरात हव्यात, लिफ्टमध्ये शेजारी नकोत; आणि कारण विचारलं तर कुणाला सांगायचं नाही.* वाक्याचा शेवटचा तुकडा सर्वांत महत्त्वाचा. पुढची दहा मिनिटं त्या माणसांना ते कारण तोंडानं उच्चारायला भाग पाडणं, एवढंच स्किटचं काम. हा तुकडा सापडत नसेल तर विषय बाजूला ठेवा. आपल्याकडे फक्त एक तक्रार आहे, स्किट नाही.

२. अज्ञानाचा तक्ता करा

संवाद लिहिण्याआधी कागदावर तीन रकाने आखा. पात्राला काय हवंय, पात्राला काय माहीत नाही, आणि या जागेत कुणाची सत्ता चालते. नवीन लेखक पहिला रकाना भरतात, तिसरा तोंडी सांगतात, आणि मधला रिकामा सोडतात. विनोद मधल्या रकान्यात असतो.

ही युक्ती आपल्याकडे जुनी आहे. सोळाव्या शतकात पैठणच्या एकनाथांनी ब्राह्मण-महार संवादाचं भारूड रचलं. ब्राह्मण हटकतो, दरडावतो; महार एकेक उत्तर देत जातो; आणि ऐकणाऱ्याच्या हळूहळू लक्षात येतं की ज्ञानाच्या गोष्टी ज्यानं सांगायच्या तो ऐकतोय आणि ज्यानं ऐकायच्या तो सांगतोय. दोन पात्रं, एक जागा, सत्ता एकाकडे, शहाणपण दुसऱ्याकडे. आजच्या भाषेत हे सरळसरळ दोनपात्री स्किट आहे. तमाशाच्या वगात राजा, प्रधान आणि शिपाई असतात, त्यातही शिपायाचा वेंधळेपणा वरवरचा असतो. राजाला राज्यात काय चाललंय ते ठाऊक नसतं, शिपायाला सगळं ठाऊक असतं. पुढे सत्यशोधक जलशांनी, आणि भीमराव कर्डकांसारख्या शाहिरांच्या आंबेडकरी जलशांनी, हाच साचा उचलला. फरक एवढाच, पण तो फार मोठा, की आता लेखणीही ज्याची गोष्ट त्याच्याच हातात होती. त्याकडे पुन्हा येऊ.

परदेशातली दोन उदाहरणं शिकण्यासारखी आहेत. ब्रिटनमध्ये बीबीसीवर १९९८ ते २००१ या काळात ‘गुडनेस ग्रेशस मी’ हा स्किटचा कार्यक्रम चालला. संजीव भास्कर, मीरा स्याल, कुलविंदर घिर आणि नीना वाडिया हे दक्षिण आशियाई वंशाचे चौघे त्यात होते. त्यांचं सर्वांत गाजलेलं स्किट असं: मुंबईतली टवाळ मंडळी लस्सी ढोसून ‘इंग्लिश जेवायला’ जातात, गोऱ्या वेटरच्या नावाचे वाभाडे काढतात आणि मेन्यूतला सर्वांत मिळमिळीत पदार्थ कुठला ते विचारतात. इंग्लंडमधली पोरं शुक्रवारी रात्री पिऊन भारतीय हॉटेलांत जी मस्ती करतात, ती त्यांनी फक्त उलटी करून दाखवली. एकही भाषण नाही, ‘वंशवाद वाईट’ असं एकही वाक्य नाही. गोऱ्या प्रेक्षकाला स्वतःचंच वागणं दुसऱ्याच्या अंगावर दिसलं.

अमेरिकेत ‘की अँड पील’ या स्किटच्या कार्यक्रमात २०१२ साली बदली शिक्षकाचं स्किट आलं. गरीब वस्तीतल्या शाळांत वीस वर्षं शिकवलेला कृष्णवर्णीय मास्तर गोऱ्या मुलांच्या वर्गावर येतो आणि हजेरी घेताना ॲरनचं ‘ए-ए-रॉन’ करतो. मुलं सुधारायला गेली की तोच त्यांच्यावर खेकसतो. वरवर अज्ञान मास्तरचं आहे. पण कुणाच्या नावाचा उच्चार ‘बरोबर’ आणि कुणाचं नाव ‘विचित्र’ हे एरवी कोण ठरवतं, ते प्रेक्षकाला आपोआप कळतं. मास्तर चुकतो, तरी वर्गात सत्ता त्याची आहे. म्हणून तो बिचारा वाटत नाही आणि आपण मोकळेपणी हसतो. दुबळ्याच्या वाट्याला अज्ञान द्यायचंच असेल तर सोबत सत्ता द्या, हा त्यातला धडा.

आता आपला तक्ता. सोसायटीचे सेक्रेटरी नाना: हवंय ते शिस्तप्रिय म्हणून नाव, माहीत नाही ते हे की आपल्याच नोटिशीचा अर्थ काय. वॉचमन: हवंय ते नोकरी टिकणं, माहीत सगळं आहे, पण दाखवायचं नाही. सुनीता, चौदा वर्षं याच इमारतीत सहा घरांची कामं करणारी: हवंय ते साडेनऊला चौथ्या मजल्यावर पोचणं. आणि नानांची सख्खी मावशी, साताऱ्याहून आलेली, दोन पिशव्या घेऊन: हवाय तो चहा.

३. पहिला खर्डा लिहा आणि त्यातली चोरवाट ओळखा

पहिल्या खर्ड्यात हात सवयीनं चालतो. बहुतेकांकडून असं काही लिहिलं जातं:

सुनीता: ओ नाना, ती लिप का बंद केली?
नाना: लिप नाही हो, लिफ्ट!
सुनीता: तेच ते. लिपमदी जागा हाय की.

हशा येईल, नक्की येईल. तालमीत नटी ‘लिप’वर हावभाव करील, तोही चालेल. पण बघा काय झालं ते. नोटीस जागच्या जागी राहिली, नाना शहाणे ठरले आणि सुनीताला बोलता येत नाही एवढंच सिद्ध झालं. विषय होता लिफ्टचा, स्किट झालं उच्चारांचं.

दुसऱ्या खर्ड्यात तक्त्याप्रमाणे चला. नाना नोटीस लावतात: ‘सर्व मावशींनी मागच्या लिफ्टने जावे. आदेशावरून.’ ‘नोकर’ लिहिणं त्यांना बरं वाटत नाही, ते सुधारक आहेत. मग एन्ट्री होते खऱ्या मावशीची.

वॉचमन: आजी, कुणाकडे?
मावशी: नानाकडे. मी मावशी त्याची.
वॉचमन: मावशी? मग मागची लिफ्ट.
मावशी: का रे बाबा?
वॉचमन: आदेश आहे.
नाना (धावत येतात): अरे, ही माझी मावशी आहे!
वॉचमन: साहेब, इथे सगळ्या कुणाच्या ना कुणाच्या मावशीच आहेत.
नाना: अरे, नोटिशीतली मावशी वेगळी!
वॉचमन (वही काढतो): वेगळी कशी ते सांगा. लिहून घेतो.

नाना अडकले. आता प्रत्येक वाक्यागणिक त्यांना ते कारण उच्चारायच्या जवळ जावं लागणार. तेवढ्यात मागून सुनीता येते, वैतागलेली नाही, घाईत आहे.

सुनीता: चला आजी, मी नेते. मागच्या लिफ्टचं बटण दोनदा दाबावं लागतं. नानांना नसेल ठाऊक.

या वाक्यात तिच्या बाजूनं कुणी टाळ्या मागत नाही, ती कैफियतही मांडत नाही. तिला एक गोष्ट माहीत आहे जी सेक्रेटरीला माहीत नाही, बस्. दुःखी, सोशिक, डोळ्यांत पाणी आणणारी कामवाली हाही एक ठोकळाच आहे, आणि आपल्या वाहिन्यांवर तो विनोदी ठोकळ्याइतकाच घासून गुळगुळीत झालाय. स्किटच्या शेवटच्या दोन मिनिटांत पार्श्वभूमीला बासरी लावून तिला भाषण द्यायचा मोह होईल. देऊ नका. प्रेक्षकाचा कान धरून ‘बघ, ही पण माणूसच आहे’ असं सांगणं म्हणजे आधीची आठ मिनिटं आपण ते दाखवू शकलो नाही, याचा कबुलीजबाब.

४. चढत न्या

स्किट गोष्टीसारखं पसरत नाही, जिन्यासारखं चढतं. प्रत्येक पायरीवर तोच प्रश्न, पण उत्तर आधीपेक्षा जास्त अंगाशी येणारं. आपल्याकडे प्रश्न तयार आहे: ‘वेगळी म्हणजे कशी?’ नाना तातडीची सभा बोलावतात आणि नोटिशीची व्याख्या सुधारायला घेतात.

पहिली दुरुस्ती: ‘पगारी मावशी’. खजिनदार म्हणतात, माझी बायको पगारी आहे आणि तिच्या भाचीची मावशी आहे. दुसरी: ‘हातात पिशवी असणाऱ्या’. सगळी समिती मंडईतूनच आलेली आहे. तिसरी: ‘इमारतीबाहेर राहणाऱ्या’. चेअरमन स्वतः फ्लॅट भाड्यानं देऊन दुसरीकडे राहतात, ते हळूच खुर्ची मागे घेतात. चौथी दुरुस्ती एका सभासद काकू पुटपुटतात: ‘ज्यांना घामाचा वास येतो अशा.’ इथे खरी गोष्ट बाहेर आली. सगळे गप्प. दार उघडतं आणि जिममधून नानांचा मुलगा येतो, टी-शर्ट ओलाचिंब, आणि लिफ्टच्या दिशेनं निघतो.

ही चौथी पायरी गाभ्याची. पहिल्या तीन गमतीच्या आहेत, चौथीत विटाळ आहे. लिहिताना अशी एक जागा ठरवून ठेवावी जिथे हसू अर्ध्यावर अडकेल, आणि तिथे लगेच दुसरा हशा देऊन सुटका करू नये. निदान दोन सेकंद थांबू द्यावं. टीव्हीवर दोन सेकंद खूप असतात. दिग्दर्शक ते कापायला बघेल, म्हणून संहितेत स्पष्ट लिहा: ‘शांतता’.

शेवट फार ताणू नका. मुख्य लिफ्ट बंद पडते, सगळी समिती मागच्या लिफ्टसमोर रांगेत, नाना बटण दाबतात, लिफ्ट येत नाही. जिन्यावरून बादली घेऊन उतरणारी सुनीता न थांबता म्हणते, ‘दोनदा.’ ब्लॅकआउट. शेवटची ओळ कुणाला, हे तक्त्यात चौथा रकाना करून आधीच लिहून ठेवलं तरी चालेल. मराठी स्किटमध्ये शेवटी सगळ्यांनी एकत्र नाचायची पद्धत आहे; चॅनेलनं मागितला तर नाच द्या, पण ब्लॅकआउटनंतर.

५. नाव, बोली, शरीर, साडी

प्रतिनिधित्वाची चर्चा मोठ्या शब्दांत होते, पण ते बिघडतं बारीकसारीक गोष्टींत.

नावापासून सुरू करा. आपल्या विनोदी कार्यक्रमांत मोलकरीण म्हणजे शांताबाई, शिपाई म्हणजे गणपत आणि वॉचमन म्हणजे बहादूर, हे जणू घटनेत लिहिलंय. ‘सुनीता’ हे नाव का? कारण आज चाळिशीतल्या बाईचं ते खरं नाव असू शकतं. आडनावाच्या बाबतीत दुप्पट सावध. महाराष्ट्रात आडनाव दिलं की जात दिली, आणि प्रेक्षक ती अर्ध्या सेकंदात वाचतो. लाचखोर कारकून, दारुडा, भोंदू, कंजूष यांची आडनावं एका कागदावर उतरवून काढा. सगळी एकाच गटातली निघाली तर तो योगायोग नव्हे, सवय आहे. आपल्या नानांना मी मुद्दाम आडनाव दिलेलं नाही, कारण हा आजार एकाच जातीच्या सोसायटीत आढळतो असं मला म्हणायचं नाही.

बोलीचं एक साधं माप आहे: विनोद बोलीवर आहे की बोलीत आहे? ‘चला हवा येऊ द्या’मध्ये भारत गणेशपुरे वऱ्हाडीत बोलायचे तेव्हा त्यांचं पात्र त्या बोलीतून समोरच्याची टर उडवायचं, शब्दांवर मालकी त्यांची असायची. त्याउलट पुण्या-मुंबईचा लेखक ‘व्हय’, ‘न्हाय’, ‘म्या’ शिंपडून जी भाषा बनवतो ती कुठल्याच जिल्ह्यात बोलत नाहीत. आगरी, मालवणी, अहिराणी, झाडी, ज्या बोलीत पात्र असेल त्या बोलीच्या माणसाला संहिता मोठ्यानं वाचायला द्या आणि तो अडखळेल तिथे खूण करा. असा माणूस मिळत नसेल तर पात्र साध्या मराठीत बोलू दे. काही बिघडत नाही.

शरीरावरचे विनोद सर्वांत स्वस्त आणि सर्वांत जास्त वापरले जाणारे. जाडी, काळा रंग, टक्कल, बुटकेपणा. यावर ‘नट स्वतःच हसतोय की’ असा बचाव होतो. नटानं स्वतःच्या शरीरावर विनोद करणं आणि लेखकानं त्याच्या शरीराचाच पगार देणं, यात फरक आहे. ‘महाराष्ट्राची हास्यजत्रा’मधल्या वनिता खरात यांनी २०२१ मध्ये आपल्या शरीराबद्दल अभिमान सांगणारं छायाचित्र प्रसिद्ध केलं, तेव्हा कितीतरी प्रेक्षकांना पहिल्यांदाच वाटलं असेल की या बाईला याबद्दल स्वतःचं काही म्हणायचं आहे. चाचणी सोपी आहे: त्या भूमिकेत सडपातळ नटी घातली तर किती पंच उरतात? शून्य उरत असतील तर तुम्ही पात्र लिहिलेलंच नाही.

पुरुषानं साडी नेसणं आपल्याकडे परकं नाही. तमाशाच्या गवळणीतली मावशी आहे, बालगंधर्व आहेत. टीव्हीवरही ते जोरात चालतं. पण साडी नेसलेला पुरुष दिसल्यावर पहिल्या वीस सेकंदांत जो हशा येतो तो फुकटचा आहे, त्यावर स्किट उभं करू नका. एकविसाव्या सेकंदाला त्या ‘बाई’ला काय हवंय? आणि तृतीयपंथी पात्र म्हणून टाळी वाजवणारा, अंगचटीला येणारा पुरुष आणायचा असेल तर तो कागद फाडा. त्या टाळीवर हसणारा प्रेक्षक त्याच टाळीला सिग्नलवर घाबरतो, आणि आपण त्याची भीती पक्की करून देतो.

दिव्यांगांबद्दल एक पक्का आधार आता हाताशी आहे. जुलै २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं, तत्कालीन सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या पीठानं, पडद्यावरच्या दिव्यांगांच्या चित्रणाबद्दल निकाल दिला. त्यात विनोदाचे दोन प्रकार वेगळे काढले आहेत: दिव्यांगत्वाबद्दलच्या रूढ समजुतींना धक्का देणारा, आणि दिव्यांगांना कमी लेखणारा. न्यायालयाला जो फरक मांडावासा वाटला तो तोतऱ्या पात्रावर पंच लिहिण्याआधी लेखकानं पाच मिनिटं तपासायला हरकत नसावी. तोतरं पात्र ठेवा, पण त्याला बोलू न देणारे घाईखोर लोक हे गिऱ्हाईक करा.

६. टेबलाभोवती कोण बसलंय

आता लेखणीच्या प्रश्नाकडे. अमेरिकेतल्या ‘सॅटर्डे नाइट लाइव्ह’ या स्किटच्या कार्यक्रमावर २०१३ मध्ये टीका झाली की त्यांच्या नटसंचात एकही कृष्णवर्णीय स्त्री नाही. कृष्णवर्णीय स्त्रियांच्या भूमिका पुरुष नट साडीऐवजी झगा घालून करत होते, आणि केनन थॉम्पसन या नटानं यापुढे त्या करणार नाही असं सांगून टाकलं. जानेवारी २०१४ मध्ये साशीर झमाटा संचात आली. लक्षात ठेवण्यासारखी गोष्ट अशी की त्याच वेळी दोन कृष्णवर्णीय स्त्रिया लेखक म्हणूनही घेतल्या गेल्या, त्यातली एक लेस्ली जोन्स. नुसता चेहरा आणून भागत नाही हे तिथे कुणाला तरी कळलं होतं.

आपल्याकडे ‘महाराष्ट्राची हास्यजत्रा’मध्ये गौरव मोरे ‘फिल्टरपाड्याचा बच्चन’ म्हणून मंचावर यायचा. पवईच्या फिल्टरपाडा या वस्तीचं नाव तो छातीठोक, पदवी लावावी तसं लावायचा. हे कुठल्याही लेखकाला बाहेरून सुचलं असतं तर ते ‘झोपडपट्टीचा विनोद’ झालं असतं. म्हणून तालमीत नटानं स्वतःच्या आयुष्यातून काही आणलं तर त्याला जागा करून द्या, त्याचं श्रेयही द्या.

आणि तरीही, आतलाच माणूस लिहितोय म्हणून सगळं सुरक्षित होत नाही. डेव्ह शॅपेल या कृष्णवर्णीय अमेरिकन विनोदवीरानं २००३ मध्ये सुरू केलेला स्किटचा कार्यक्रम वंशवादावरच्या जहरी व्यंगासाठी गाजला. २००५ मध्ये, तिसऱ्या पर्वाचं काम चालू असताना, तो प्रचंड रकमेचा करार सोडून निघून गेला. तोंडाला काळं फासून कृष्णवर्णीयांची टर उडवणाऱ्या जुन्या नकलांवर बेतलेल्या एका स्किटच्या चित्रीकरणात सेटवरचा एक गोरा माणूस ज्या प्रकारे हसला ते त्याला खुपलं, असं त्यानं पुढे सांगितलं. स्किट ठोकळ्याची खिल्ली उडवण्यासाठी होतं. हसणारा मात्र ठोकळ्यालाच हसत होता. हा धोका व्यंगाला कायमचा चिकटलेला आहे, तो शून्यावर आणता येत नाही. कमी करता येतो.

७. वाचन, आणि तीन चाचण्या

संहितेचं वाचन फक्त टीमपुढे करू नका. टीम हसतेच. ज्यांच्यावर स्किट आहे त्यांच्यापैकी दोघांना बोलवा, चहा द्या, आणि त्यांच्या वेळेचे पैसे द्या. ‘तुम्हाला वाईट वाटलं का?’ असं विचारू नका, ते ‘नाही नाही’ म्हणतील. ‘हे असं होतं का? तुम्ही काय म्हणाला असता?’ असं विचारा. दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तरात अनेकदा स्किटची सर्वांत चांगली ओळ मिळते.

पहिली चाचणी: आवाज बंद करून तालीम बघा. कोण सारखं वाकतंय, कोण बसलंय, कोण उभं आहे? सुनीता सगळा वेळ जमिनीकडे बघून बोलत असेल तर संवाद कितीही धारदार असोत, चित्र जुनंच आहे. दुसरी: दोन पात्रांच्या ओळी अदलाबदल करून वाचा. ओळ दुसऱ्याच्या तोंडी तशीच चालत असेल तर ती त्या पात्राची नव्हतीच.

तिसरी चाचणी रील येण्याआधी लागली नसती. स्किटमधून चाळीस सेकंदांचा कुठलाही तुकडा कापा आणि तो एकटाच बघा. कारण बहुतेक प्रेक्षक तुमचं स्किट तसंच बघणार आहेत, रीलमध्ये. ‘घामाचा वास येतो अशा’ ही ओळ आणि त्यावरचा हशा एवढंच कापलं गेलं, तर उद्या ते कुठल्यातरी सोसायटीच्या ग्रुपवर ‘बरोबर आहे’ म्हणून फिरेल. म्हणून घामट मुलाची एन्ट्री त्या ओळीपासून दहा सेकंदांच्या आत ठेवली आहे. विखारी पात्राची ओळ आणि तिची फजिती यांच्यात अंतर पडू देऊ नका.

एडिटच्या टेबलावर शक्य असेल तर स्वतः बसा. आपल्या कार्यक्रमांत परीक्षक हसतानाचे शॉट आणि वरून घातलेला हशा हे प्रेक्षकाला ‘इथे हस’ असं सांगतात. काकूंच्या त्या ओळीवर परीक्षकाचा खो-खो हसणारा शॉट लागला तर अख्खं स्किट उलटं होतं. तिथे शॉट हवा तो वॉचमनचा.

८. चॅनेलची खोली आणि नंतरची तक्रार

चॅनेलमध्ये आक्षेपार्ह मजकूर तपासणारा विभाग असतो. त्यांच्या हातात १९९४ च्या केबल टेलिव्हिजन नियमांतली कार्यक्रम संहिता असते. त्यातला एक मुद्दा लेखकांनी मुळातून वाचावा: विशिष्ट वांशिक, भाषिक वा प्रादेशिक गटांचं चित्रण हेटाळणीच्या, उपरोधाच्या किंवा तुच्छतेच्या वृत्तीनं करू नये. उपरोधसुद्धा त्यात आहे, हे वाचून व्यंग लिहिणाऱ्याच्या पोटात गोळा येतो खरा, पण शब्द ‘गटांचं चित्रण’ असे आहेत. सोसायटीची समिती हा भाषिक गट नव्हे. पहिल्या पायरीत नियम निवडला, माणसं नाही, त्याचा फायदा इथे मिळतो. जातीचा उल्लेख असलेल्या संवादासाठी १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदाही डोळ्यांसमोर हवा. शंका असेल तर वकिलाला चित्रीकरणाआधी दाखवा, प्रसारणानंतर नाही.

विभाग काही कापायला सांगेलच. तेव्हा ‘अभिव्यक्ती’चा झेंडा काढण्यापेक्षा अज्ञानाचा तक्ता काढा आणि दाखवा की हसू कुणावर आहे. बहुतेकदा ते शब्द कापायला मागतात, प्रसंग नाही. शब्द द्या. अडून बसायचं ते शांततेच्या दोन सेकंदांसाठी आणि शेवटच्या ओळीसाठी.

प्रसारणानंतर तक्रार आली तर ती आधी वाहिनीकडे जाते, तिथे १५ दिवसांत निर्णय अपेक्षित असतो. समाधान झालं नाही तर वाहिन्यांच्या स्वयंनियामक संस्थेकडे, आणि त्यापुढे केंद्र सरकारच्या समितीकडे. तुमच्यापर्यंत पत्र आलं की आधी बघा ते कुणाचं आहे. ‘सोसायट्यांची बदनामी केली’ असं एखादा सेक्रेटरी लिहीत असेल तर उत्तर वाहिनीनं द्यावं आणि तुम्ही पुढचं स्किट लिहायला घ्यावं. पण सहा घरांची कामं करणाऱ्या एखाद्या बाईनं विचारलं असेल की सुनीता सगळ्यांना मदतच का करत फिरते, तिला एकदाही राग का येत नाही, तर ते पत्र जपून ठेवा. दुसऱ्या भागाचा विषय तिनं दिलाय. मानधनही तिला द्या.